जानेवारीत दोन दिवस मुरमात गाडी शिकले, रिव्ह्यू मुद्दाम पावसाळा काढून लिहितेय

मातीत मोटारसायकल चालवायला शिकवणाऱ्या शाळेत दोन दिवसांचा कोर्स केला जानेवारीत आणि लिहितेय सप्टेंबरमध्ये, त्याला कारण आहे. कोर्स संपला त्या संध्याकाळी लिहायला बसले असते तर नुसतं भारी भारी लिहिलं असतं, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच भारी वाटत होतं. मला बघायचं होतं की हे मातीतलं शिक्षण डांबरावर किती टिकतं, म्हणून अख्खा पावसाळा जाऊ दिला. रोजचं भोसरी ते चाकण येणं-जाणं, दोनदा माहेरी कराडला, एकदा ताम्हिणी घाट उतरून माणगाव, हे सगळं त्याच माझ्या जुन्या १६० सीसी गाडीवर केलं. आता लिहायला हरकत नाही.

आधी मी का गेले ते सांगते, नाहीतर बाकीच्याला अर्थ नाही. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्टची नोकरी, गाडी चालवायला लागून बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी मोशीच्या अलीकडे सेकंड शिफ्ट करून घरी येत होते, रस्त्याच्या कडेला काम चालू होतं आणि डंपरमधून सांडलेली बारीक खडी एका वळणावर पसरलेली, स्पीड जेमतेम चाळीस. पुढचं चाक खडीवर गेलं, हँडल हातात एकदम हलकं झालं आणि मी काय केलं तर पुढचा ब्रेक मुठीत आवळला, जेवढा जोर होता तेवढा. पुढे काय झालं ते आठवतच नाही, उजवं मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. हाड जुळलं पण हाताच्या डोक्यात ते बसलं ना ते बसलंच. नंतर कुठेही वाळू, खडी, ओला चिखल दिसला की दोन्ही हात आपोआप आखडायचे, खांदे कानापर्यंत वर यायचे, आणि हात आखडले की गाडी आणखीच वाकडी चालते. ज्यांना हे झालंय त्यांना एका वाक्यात कळेल.

आपण गाडी शिकतो म्हणजे काय शिकतो ते पण बघा. मैदानात भाऊ किंवा बाबा मागे बसतात, क्लच हळू सोड म्हणतात, मग आरटीओत आठ काढायचा, पाय टेकला नाही की पास. त्यानंतर मरेपर्यंत कोणी काही शिकवत नाही. चाक घसरल्यावर काय करायचं हे तर कोणीच शिकवत नाही, कारण शिकवणार कुठे, रस्त्यावर घसरायची प्रॅक्टिस करता येत नाही ना. २०२२ साली देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आणि आपण आठ काढून मोकळे.

तर ही शाळा मुळशीच्या बाजूला, पुण्यातून तासाभरावर. माळरान आहे, थोडा उतार, एका बाजूला मुरमाची टेकडी, खाली काळ्या मातीचा पट्टा जो ते टँकरने मुद्दाम भिजवून ठेवतात, आणि एक वाळूचा लांब वाफा. दोन दिवसांचे साडेआठ हजार, त्यात गाडी, पेट्रोल, अंगावर बांधायचे गार्ड, दोन वेळचं जेवण आलं. राहायचं आपलं आपण, मी रोज घरून येऊन-जाऊन केलं. गाड्या हिरो एक्सपल्स २०० फोर व्ही, मातीत चालवायलाच केलेल्या. स्वतःच्या गाडीवर पण शिकवतात पण मी सांगेन पहिल्यांदा त्यांचीच घ्या, स्वतःची गाडी असली की ओरखड्याच्या काळजीनेच अर्धा जीव जातो आणि जे शिकायचं ते राहतं बाजूला.

आता उंचीचं. मी पाच फूट दोन इंच, आणि एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटर, म्हणजे माझे दोन्ही पाय टेकायचा प्रश्नच नव्हता. मी पहिल्याच दहा मिनिटांत सरांना म्हणाले की सर, मला ही गाडी जमणार नाही, पाय पोचत नाहीत. सर त्याच गावचे, पन्नाशीचे, बोलणं एकदम साधं. म्हणाले, "ताई, चालत्या गाडीला पायांची गरज नसते. थांबताना एक पाय पुरतो, दुसरा ब्रेकवर पाहिजे." आणि मग अर्धा तास फक्त हेच करून घेतलं, थांबायच्या आधी सीटवरून थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. बारा वर्षं मी सिग्नलला दोन्ही पाय घासत थांबत होते. आता एकच पाय टेकते आणि चढावर सिग्नल लागला तर गाडी मागे येत नाही, कारण ब्रेकवरचा पाय निघतच नाही. लहान गोष्ट आहे, पण चाकण चौकात कंटेनरच्या पुढे उभं असताना तिचं मोल कळतं.

पहिल्या दिवशी पहिला तासभर इंजिन चालूच करू दिलं नाही. गाडी आडवी पाडायची आणि उचलायची, एवढंच. एक्सपल्स दीडशे किलोच्या वर आहे, माझं वजन ५४. मी नेहमीसारखी हँडल धरून कमरेतून वाकून ओढायला गेले तर हललीसुद्धा नाही. मग दाखवलं, हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवायचं, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या कॅरिअरला, पाठ ताठ ठेवून पायांनी रेटा देत लहान लहान पावलं मागे टाकायची. उजवीकडे पडली असेल तर आधी साईड स्टँड काढून ठेवायचा म्हणजे उभी झाली की पलीकडे कोसळत नाही. तिसऱ्या वेळी उचलली मी. आजूबाजूला पोरं होती, सहा सहा फुटी, कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, सगळे आपापली गाडी उचलण्यात गुंतलेले, पण मला आतून जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही. गाडी पडली तर आपल्याला उचलता येते हे एकदा कळलं की पडण्याची निम्मी भीती तिथेच जाते.

नंतर स्लो रेस. दोन दोऱ्यांच्या मधून दहा मीटर, जो सर्वात उशिरा पोचेल तो जिंकला. हाफ क्लच, बारीकशी रेस म्हणजे ॲक्सिलरेटर, आणि मागचा ब्रेक अगदी चिमूटभर दाबून ठेवलेला, तिन्ही एकत्र. क्लचचा तो जळका वास दुपारपर्यंत नाकातून गेला नाही. मग रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन लावून यू-टर्न, त्यात शरीर बाहेरच्या बाजूला ठेवायचं, बाहेरच्या फूटरेस्टवर वजन द्यायचं आणि मान वळवून जिथे जायचंय तिथे बघायचं. कोनाकडे बघितलं की कोनावरच गाडी जाते, दहा वेळा सांगून पटत नाही, दहा वेळा कोन उडवला की पटतं. नजरेचं हे जे आहे ना, ते मला वाटतं अख्ख्या कोर्समधली सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची गोष्ट. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल, खड्ड्याच्या बाजूच्या चांगल्या पट्टीकडे बघाल तर पट्टीवरून जाल.

उभं राहून चालवणं मला वाटायचं फोटोसाठी असतं. तसं नाहीये. बसलेलो असतो तेव्हा आपलं सगळं वजन सीटवर, गाडी उडाली की आपण उडतो आणि आपण उडालो की हँडल ओढलं जातं. उभं राहिलं की वजन पायांवर, गुडघे सैल, टाकी गुडघ्यांनी हलकी धरलेली, मग खालून गाडी काय नाचायची ती नाचू दे, वरचं अंग तिथल्या तिथे. रस्त्यावर मी काही उभी राहून ऑफिसला जात नाही, पण स्पीडब्रेकर, खड्डा, पुलावरचा सांधा आला की सीटवरून बूड दोन बोटं वर घेते आणि वजन पायांवर टाकते. पाठदुखी कमी झाली हा वरचा फायदा.

आता मुख्य, ब्रेक. याच्यासाठी मी गेले होते आणि याच्यावर थोडं सविस्तर लिहिणार.

मुरमाच्या सपाट पट्ट्यावर तीसच्या स्पीडने यायचं आणि कोनापाशी ब्रेक मारायचा. पहिल्यांदा फक्त मागचा, मुद्दाम लॉक करायचा, म्हणजे चाक फिरायचंच थांबलं पाहिजे. एक्सपल्सला एबीएस, म्हणजे ब्रेक आवळला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सिंगल चॅनेल, पुढच्याच चाकाला, त्यामुळे मागचं चाक लॉक होतं. माझ्या स्वतःच्या गाडीचंही मागचं चाक असंच लॉक होतं. मागचं चाक लॉक झाल्याबरोबर शेपूट डावीकडे सुटलं, माझ्या पोटात गोळा, पण सरांनी आधी बजावलेलं की काही झालं तरी समोरच्या झाडाकडे बघायचं, हँडल सरळ, पाय घट्ट. गाडी वाकडी होत होत थांबली. थांबली! पडली नाही. ते मी वीस वेळा केलं असेल, नंतर नंतर मजा यायला लागली, मागचं चाक घसरतंय हे खाली बुडाला कळतं पण वर डोक्यात काहीच घडत नाही. वीस वेळा घसरून काही झालं नाही म्हटल्यावर एकविसाव्या वेळी शरीर घाबरायचं कशाला.

मग पुढचा. सगळ्यांनाच तोंडाला कोरड पडली. आपल्याकडे लहानपणापासून सांगतात ना, पुढचा ब्रेक मारू नको, पालथी पडशील. सरांनी गाडी रॅली मोडवर टाकली म्हणजे एबीएस पूर्ण बंद, आणि म्हणाले दोनच बोटं, आणि लिंबू पिळतो तशी हळूहळू वाढत जाणारी. झटका नाही. हळू दाबलं की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं टायर जमिनीत रुततं, रुतलं की मग आणखी दाबता येतं. झटक्यात दाबलं तर वजन पुढे यायच्या आधीच चाक लॉक होतं आणि सरकतं. मोशीला मी नेमकं हेच केलं होतं हे मला तिथे मुरमात उभं राहून कळलं, दोन वर्षांनी. तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते खडीमुळे पडले. खडी होतीच, पण खडीवर मी ब्रेक आवळला म्हणून पडले.

एकदा मी तिथेही पुढचं चाक लॉक केलं आणि पडले. स्पीड पंधरा-वीसच असेल, गार्ड होते, उठले, गाडी उचलली, परत आले. पुढच्या वेळी हँडल तसंच हलकं झालं, ती जाणीव आता ओळखीची होती, आणि बोटं आपोआप सैल झाली, चाक फिरायला लागलं, हँडल परत जड झालं, परत दाबला, थांबले. जेमतेम अर्धा सेकंद. सगळे साडेआठ हजार त्या अर्ध्या सेकंदाचे होते असं मी नवऱ्याला घरी जाऊन सांगितलं.

नंतर मी पावलं मोजली, क्वालिटीवाली माणसं मोजल्याशिवाय राहत नाहीत. नुसत्या मागच्या ब्रेकवर माझी गाडी कोनापासून १७ पावलं जाऊन थांबत होती. दोन्ही ब्रेक नीट लावून १०. तेही मुरमावर. जे लोक आयुष्यभर नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात, आणि असे खूप आहेत, माझे सासरे त्यातलेच, त्यांनी त्या सात पावलांत काय काय मावतं याचा विचार करावा.

एक इशारा सरांनी स्वतःहून दिला आणि तो मला फार आवडला, कारण माल विकणारा माणूस असं बोलत नाही. मातीत मागचं चाक सुटलं तर ब्रेक सोडला तरी गाडी हळूच सरळ होते. डांबरावर तसं नाही. कोरड्या डांबरावर शेपूट बाहेर गेलेलं असताना मागचा ब्रेक एकदम सोडला की टायर अचानक पकड घेतं आणि गाडी माणसाला उलट्या बाजूला उडवते. म्हणून रस्त्यावर मागचा लॉक होऊच द्यायचा नाही, आणि झालाच आणि गाडी वाकडी झालेली असली तर थांबेपर्यंत तसाच दाबून ठेवायचा. एबीएसचंही तसंच, खोल सुट्या खडीत एबीएसने थांबायचं अंतर वाढू शकतं कारण चाक रुतून पुढे मातीचा ढीग साठवू शकत नाही, म्हणून तिथे बंद करतात, पण रस्त्यावर कधीही बंद करायचं नाही. वेगातल्या डांबरी वळणाचंही वेगळं, तिथे मातीतल्यासारखं शरीर बाहेर ठेवून गाडी खाली दाबायची नाही, गाडीबरोबर आत झुकायचं, पाय तर अजिबात बाहेर काढायचा नाही. बॅचमधली दोन पोरं लगेच मातीतली स्टाईल घाटात करणार असं बोलत होती, त्यांना त्यांनी चांगलंच सुनावलं.

दुसरा दिवस टेकडीचा. उतारावर पहिला गिअर, क्लचला हात नाही, इंजिनच गाडी धरतं, बूड मागे. चढावर मध्येच गाडी बंद पडली तर गिअरमध्येच राहू द्यायची, क्लच दाबला की गाडी मागे घरंगळते. हे आमच्याकडच्या पार्किंगच्या रॅम्पवरसुद्धा उपयोगी पडलं, जास्त लिहीत नाही.

वाळू आणि चिखल मात्र वेगळंच प्रकरण. वाळूत हँडल जिवंत झाल्यासारखं डावी-उजवीकडे मारतं, आणि मी जुन्या सवयीने ते आवळून धरलेलं. दोन फेऱ्यांत हाताचे पंजे उघडेनात, पाण्याच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घेतलं. सर बाजूला येऊन उभे राहिले, म्हणाले, "ताई, कासरा ओढून धरला की बैल बुजतो. सैल पण नाही सोडायचा, हातात राहू द्यायचा. वाट त्याला माहितीये." त्यांच्या घरी बैलजोडी होती, वडिलांबरोबर औत हाकलेला माणूस, त्यामुळे हे त्यांच्या तोंडून नुसतं बोलणं वाटलं नाही. माझं माहेर पण शेतकऱ्याचं, मला कासरा म्हटल्यावर लगेच हातात आला. पुढच्या फेरीत टाकी गुडघ्यांनी धरली, कोपरं बाहेर, बोटं सैल, नजर वाफ्याच्या शेवटच्या टोकाला, रेस कमी न करता एकसारखी. हँडल मारतच होतं, मी मारू दिलं. पुढचं चाक २१ इंचाचं आहे त्या गाडीला, ते आपली वाट काढतं, आपण आड आलो नाही तर. वाफा संपला तेव्हा कळलं की मी श्वास चालू ठेवलेला.

काळ्या मातीचं तुम्हाला सांगायला नको. भिजली की चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षी बुजून गुळगुळीत रोट होतो, पकड शून्य. एक्सपल्सचा पुढचा मडगार्ड उंच आहे म्हणून चाक फिरत राहतं, आपल्या रोजच्या गाडीत चिखल मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरायचंच बंद होतं, हे कराडकडे उसाच्या रानात गाडी घातलेल्या प्रत्येकाला माहिती आहे.

त्यावरून रस्त्याकडे येते. फेब्रुवारीत कराडला गेले, ऐन उसाचा सीझन, गावाच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. ट्रॅक्टर भिजलेल्या रानातून डांबरावर येतो तेव्हा चाकाचा चिखल शंभर-दोनशे फूट ओढून आणतो, त्यावर पडलेली उसाची पानं आणि कांड्या, त्यावर सकाळचं दव. आधी मी अशा ठिकाणी दोन्ही पाय खाली सोडून रडत रडत जायची. या वेळी आधीच गिअर कमी केला, ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवला, चिखलावर फक्त गाडी सरळ आणि हात सैल. मागचं चाक जरा वळवळलं. मी ते ओळखलं, बस.

खरी परीक्षा जुलैत ताम्हिणीत. मी आणि माझा नवरा, तो मागे बसलेला, पाऊस असा की हेल्मेटच्या काचेतून पुढची एसटीच दिसत होती फक्त. डोंगराकडच्या बाजूने ओहोळ फुटून एका डाव्या वळणावर लाल माती आणि बारीक दगड अर्ध्या रस्त्यावर आलेले, ते दिसलं तेव्हा आम्ही वळणात शिरलेलोच होतो, समोरून गाडी येत असल्यामुळे पलीकडे जायला जागा नाही. स्पीड कमी होता, कारण ही सवय पण तिथलीच, जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच स्पीड. ब्रेक जो होता तो मातीच्या आधी सोडला, गाडी जरा उभी केली, मातीच्या पलीकडच्या काळ्या डांबराकडे बघितलं आणि रेस होती तेवढीच ठेवली. मागचं चाक वीतभर बाहेर सरकलं, दगड मडगार्डवर खडखड वाजले आणि पुढच्या क्षणी डांबर लागलं. नवऱ्याने माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला आणि मग सोडला. पुढे भजी खायला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "तुझे खांदे वर आले नाहीत." बारा वर्षं मागे बसतोय तो माझ्या, माझे खांदे त्याच्यापेक्षा चांगले कोणाला माहिती असणार. मला तिथे रडू आलं, पावसात कोणाला दिसलं नाही.

रोजच्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे ओले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, डिझेल सांडलेला तो इंद्रधनुष्यासारखा तवंग, सोसायटीच्या गेटवरचे शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, या सगळ्यांवर आता नियम एकच, त्यांच्यावर असताना काहीच करायचं नाही. ब्रेक आधी, वळणं नंतर, मधलं नुसतं सरळ ओलांडायचं. ऐकायला सोपं आहे पण काहीच न करणं शरीराला शिकवायला माती लागते.

मोठमोठे रेसरसुद्धा हेच करतात हे मला नंतर कळलं. केनी रॉबर्ट्स अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवरून आला आणि १९७८ ते १९८० सलग तीन वर्षं ५०० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, निकी हेडन पण तसाच, २००६ चा मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल रेसिंगमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धेचा, चॅम्पियन. व्हॅलेंटिनो रॉसी या रेसरने तर इटलीत आपल्या ताव्हुलिया गावी मातीचा ट्रॅकच बांधून ठेवलाय, तिथे तो पोरांना घेऊन प्रॅक्टिस करतो. ज्यांना ३०० च्या स्पीडने डांबरावर जायचंय ते मातीत घसरायला शिकतात, मग ज्यांना ५० ने चाकणला जायचंय त्यांनी का नाही.

आता जे खटकलं ते पण स्पष्ट लिहिते, आणि शाळेने वाचावं म्हणूनच लिहिते. बॅच चौदा जणांची आणि शिकवणारे दोनच, पहिल्या दिवशी ठीक होतं पण दुसऱ्या दिवशी टेकडीवर आपली पाळी यायला वीस-पंचवीस मिनिटं उन्हात उभं राहावं लागलं. दहाच्या वर माणसं घेऊ नयेत. बायकांना कपडे बदलायला धड जागा नाही, पत्र्याचं एक टॉयलेट आहे त्याला आतून कडी नाही, मी आणि बॅचमधली दुसरी एक मुलगी एकमेकींसाठी बाहेर उभ्या राहिलो. साडेआठ हजार घेता तर एक कडी लावायला काय जातं. गुडघ्याचे गार्ड सगळे पुरुषांच्या मापाचे, माझे घसरून नडगीवर यायचे, शेवटी ओढणीने बांधले. बूट पण लहान साईजमध्ये नव्हते, मी माझे कंपनीचे सेफ्टी शूज घालून गेले होते ते बरं झालं. आणि माझ्याकडून पडताना क्लच लिव्हर तुटलं त्याचे साडेतीनशे शेवटी मागितले. पैशाचं काही नाही, तुटलं माझ्याकडूनच, पण तुटफुटीचं वेगळं द्यावं लागेल हे पैसे भरताना सांगायला पाहिजे होतं.

जेवण मात्र एक नंबर, पिठलं, भाकरी, खरडा, ताक, चुलीवरचं. फर्स्ट एडची पेटी भरलेली होती आणि एक गाडी पूर्णवेळ उभी ठेवलेली होती कोणाला लागलं तर न्यायला, हे मी मुद्दाम बघितलं. सरांचा आवाज दोन दिवसांत एकदाही चढला नाही, त्या दोन पोरांवर सोडून.

कोणी जावं? ज्यांना एकदा तरी पडल्याची भीती बसलीय त्यांनी तर जावंच. एक्सपल्स किंवा हिमालयनसारखी मातीतली गाडी घरात असायला पाहिजे असं काही नाही, बॅचमध्ये एक काका होते साठीच्या जवळचे, रोज स्प्लेंडरवर दूध घालतात, त्यांना पावसात वाडीच्या रस्त्याला त्रास होतो म्हणून मुलाने पैसे भरून पाठवलेलं. त्यांच्याएवढा छान बॅलन्स कोणाचाच नव्हता, स्लो रेस तेच जिंकले. जाताना पाणी तीन लिटर न्या, हातमोजे स्वतःचे न्या, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला, आणि दुसऱ्या दिवसानंतरचा सोमवार सुट्टी टाका. मी टाकली नव्हती, सकाळी कंपनीत मापं घ्यायचं व्हर्निअर धरायला हातात ताकद नव्हती.

पाचपैकी साडेचार. अर्धा कडीचा कापलाय. नोव्हेंबरच्या पुढच्या लेव्हलला मी आणि माझी नणंद दोघींनी नाव दिलंय, तिची उंची पाच फूट आहे. सर, तेवढं गार्डचं आणि कडीचं तेव्हापर्यंत बघा.